शेजाऱ्याची पदवी आपण मानतो का?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘शेजारी देश आणि उच्च शिक्षणातलं सहकार्य’ असा विषय मला दिला आहे. पत्रिकेवर वाचला तर वाटतं, हे परराष्ट्र खात्याचं काम, आपला काय संबंध? तुमच्यापैकी कुणाची परीक्षा तोंडावर आहे, कुणाची स्कॉलरशिप अडकली आहे, कुणाच्या घरी ‘आता पुढे शिकून काय करणार’ हा प्रश्न रोज रात्री जेवताना वाढला जातो. म्हणून मी परराष्ट्र खात्यापासून नाही, आमच्या घरातल्या एका कागदापासून सुरुवात करतो.

माझे थोरले चुलते उस्मानिया विद्यापीठाचे बी.ए. होते. सगळं शिक्षण उर्दू माध्यमातून. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया हेच आमचं विद्यापीठ. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चाचा आपल्या गावातून हलले नाहीत, राज्यंच त्यांच्या अंगावरून गेली. ज्या राजवटीत पदवी मिळाली ती उरली नाही, ज्या भाषेत मिळाली ती कचेरीची भाषा उरली नाही, आणि हैदराबाद दुसऱ्या राज्याची राजधानी झालं. तरी त्या पदवीवर त्यांनी हायस्कुलात मास्तरकी केली आणि पेन्शन घेतली. ‘हा परक्या मुलखाचा कागद आहे’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला काढलेलं कॉलेजसुद्धा सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेलं होतं. मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९५८ मध्ये.

हे सगळं आपोआप झालं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. कुणीतरी, कुठेतरी ठरवलेलं असतं की त्या पलीकडच्या विद्यापीठाने ‘हा मुलगा शिकला’ म्हटलं, तर तो शिकला. आजचा विषय एवढाच आहे. करारावर सह्या कुणी केल्या, फोटो कुणी काढले हे नंतर. शेजाऱ्याने दिलेली सनद आपण मानतो का?

आपल्याकडे या विषयावर बोलताना इब्न बतूताचा दाखला हटकून येतो, तर तो मीही देतो. चौदाव्या शतकात मोरोक्कोच्या तंजा शहरातला हा माणूस दिल्लीत आला आणि मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमलं. त्याने सांगून पाहिलं की मी मालिकी, तुमच्याकडे हनफी, शिवाय मला इथली भाषा येत नाही. सुलतानाने मदतीला दोन नायब दिले आणि विषय संपवला. पुढे मालदीवमध्येही तो काझी झाला. तंजाच्या माणसाचं इल्म दिल्लीत आणि मालदीवमध्ये चाललं, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण मी ती सांगतो तेव्हा एक पुस्ती जोडतो. इब्न बतूता पुरुष होता, त्याला अरबी येत होती आणि सुलतान त्या दिवशी खुशीत होता. सुलतानाची मर्जी ही काही व्यवस्था नव्हे. उद्या मर्जी फिरली की सनद गेली. तुघलकाच्या दरबारात तर ती फारच लवकर फिरायची, खुद्द इब्न बतूताने तो अनुभवही घेतला.

व्यवस्था पाहायची तर युरोपकडे जावं लागतं. युरोपच का? ते फार शहाणे आहेत म्हणून नाही. फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी विसाव्या शतकात दोनदा एकमेकांचा जीव घेऊन बसले होते. शेजाऱ्याचा संशय काय असतो हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक आहे.

१९८७ मध्ये तिथे इरॅस्मस नावाची योजना सुरू झाली. एका देशाच्या विद्यार्थ्याने काही महिने दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकायचं आणि परत यायचं. पहिल्या वर्षी ११ देशांतले मिळून ३,२४४ विद्यार्थी गेले. पण मुलं परत आली की अडचण. घरचं विद्यापीठ म्हणणार, तिथे जे शिकलास ते आमच्या अभ्यासक्रमात नाही, इथे पुन्हा शिक. म्हणजे मुलगा गेला, पण शिकलेलं सीमेवर जप्त झालं. यावर उपाय म्हणून क्रेडिटची मोजणी आली. एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासाला ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तासांचं काम. त्यात नुसते तास भरणं नाही, घरी केलेला अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं. मास्तर किती वेळ बोलले यापेक्षा विद्यार्थ्याने किती काम केलं हे मोजायचं, असा तो बदल होता. आज तुमच्या मार्कशीटवर क्रेडिट छापून येतात आणि २०२१ पासून आपल्याकडे ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे, त्या विचाराचं जुनं गाव हे.

पण क्रेडिट मोजूनही पदव्या जुळेनात. एका देशात पहिली पदवी तीन वर्षांची, दुसरीकडे सरळ पाच-सहा वर्षांनी एकच मोठी पदवी, मध्ये काही नाहीच. मग १९९८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांचे शिक्षणमंत्री एका निवेदनावर सही करून गेले, आणि १९ जून १९९९ रोजी इटलीतल्या बोलोन्याला २९ देश जमले. बोलोन्याचं विद्यापीठ परंपरेने १०८८ पासूनचं मानतात, म्हणून जागा ती निवडली. ठरलं असं की सगळ्यांनी बॅचलर आणि मास्टर अशा पायऱ्या ठेवायच्या (पीएच.डी.ची पायरी २००३ मध्ये जोडली), क्रेडिट एका मापाने मोजायचे, आणि प्रत्येक पदवीसोबत एक पुरवणी द्यायची: डिप्लोमा सप्लिमेंट. तिच्यात लिहायचं की ही पदवी कुठल्या पातळीची आहे, विद्यार्थी काय शिकला, त्या देशाची शिक्षणपद्धत कशी आहे. सगळ्यांना कळेल अशा भाषेत. पदवीच्या कागदाने स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची.

यात मला सर्वांत नवल वाटतं ते एका गोष्टीचं. बोलोन्याचा करार हा कायदा नाही, तो कुणावर बंधनकारक नाही. न पाळणाऱ्याला दंड नाही. दर दोन-तीन वर्षांनी मंत्री भेटतात आणि कोणत्या देशाने किती केलं याचा तक्ता छापला जातो. वर्गात निकाल मोठ्याने वाचून दाखवतात ना, तसं. बस्स. आणि त्या लाजेपोटी निम्म्याहून जास्त काम झालं. आज या क्षेत्रात ४९ सदस्य देश आहेत. तुर्कस्तान २००१ मध्ये आलं, बोस्निया आणि अल्बानिया २००३ मध्ये, कझाकस्तान २०१० मध्ये. म्हणजे ‘हे ख्रिस्ती युरोपचं आहे’ असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. आर्मेनिया आणि अझरबैजान हे दोघे तर २००५ मध्ये एकाच वर्षी आले. नागोर्नो-काराबाखवरून त्यांचं युद्ध आधी झालेलं होतं आणि २०२० मध्ये पुन्हा झालं. दोघांमधली सीमा बंद. पण पदवीचं माप दोघांनी एकच घेतलं.

आता या सगळ्याच्या मुळाशी जो दस्तऐवज आहे त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते बोलोन्यापेक्षा मोठा आहे. ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनला झालेला पदवी-मान्यतेचा करार. युरोपची परिषद आणि युनेस्को यांनी मिळून केलेला. हा मात्र खरा करार आहे, सही करून मंजूर करणाऱ्या देशावर बंधनकारक. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. शेजाऱ्याची पदवी तुमच्या पदवीसारखी हुबेहूब असलीच पाहिजे असं नाही, दोघींत ठळक, महत्त्वाचा फरक नसला म्हणजे ती मानायची. आणि असा फरक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्या कार्यालयाची, अर्जदाराची नाही.

दुसरं वाक्य पुन्हा ऐका. सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्याची.

आपल्याकडे खिडकीवर काय होतं? आमच्या नात्यातल्या एका मुलीने शेजारच्या राज्यातल्या, सरकारमान्य विद्यापीठातून पदवी घेतली. परदेशातून नाही, पलीकडच्या राज्यातून. इथे एका जागेसाठी अर्ज केला तर तिला सांगितलं, समकक्षतेचा दाखला आणा. कुणाकडून आणायचा ते दोन खिडक्यांवर दोन वेगवेगळं सांगितलं. अभ्यासक्रमाची शिक्के मारलेली प्रत मागितली, ती आणायला तिचे अब्बा तीनदा बसने गेले. आठ महिन्यांनी दाखला आला, तेव्हा जागा भरलेली होती. त्या कार्यालयात कुणी वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. नियमच असा होता की ‘नाही’ म्हणायला कारण लागत नव्हतं, ‘हो’ म्हणायला मात्र बारा कागद लागत होते. हेलपाटे कुणाला परवडतात? ज्याचा मामा मंत्रालयात आहे त्याला हेलपाटा पडतच नाही. पहिल्या पिढीत शिकणारा, गावाकडचा, आणि बऱ्याचदा आपल्यातला, तो पहिल्या फेरीत गळतो.

लिस्बनच्या करारात सातवं कलम निर्वासितांचं आहे. ज्यांच्याकडे कागदच उरले नाहीत त्यांचंही शिक्षण तपासायची सोय सदस्य देशांनी करावी, असं ते सांगतं. जवळजवळ वीस वर्षं बहुतेक देशांनी ते कलम वाचून बाजूला ठेवलं. मग सीरियातून माणसं आली. घर कोसळलेलं, विद्यापीठाची इमारत कोसळलेली, मार्कशीट आणणार कुठून? नॉर्वेच्या शिक्षणसंस्थेने यावर काम करून ठेवलेलं होतं. त्यातून २०१७ मध्ये निर्वासितांसाठी शैक्षणिक पात्रतेचा एक युरोपीय दाखला निघाला. सुरुवात ग्रीसमध्ये झाली. आधी विद्यार्थ्याने सविस्तर प्रश्नावली भरायची: काय शिकलो, कुठे, किती वर्षं, कोणते विषय, परीक्षा कशी होती. जे काही कागद हाती असतील ते जोडायचे. मग दोन जाणकार, त्या देशाची शिक्षणपद्धत ओळखणारे, समोर बसवून विचारतात. खात्री पटली तर पाच वर्षांसाठी दाखला देतात. ती पदवी नव्हे आणि तिने प्रवेशाची हमी मिळत नाही. पण पुढच्या खिडकीवर बोलायला तोंड मिळतं. पदवी गेली म्हणजे शिक्षण गेलं असं नाही, हे एका कार्यालयाने लिहून दिलं. मला हे त्या मंत्र्यांच्या निवेदनांपेक्षा मोलाचं वाटतं.

हे सगळं गोड गोड नाही, तेही सांगितलं पाहिजे. २००९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाचं मोठं सभागृह विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलं होतं, जर्मनीतही आंदोलनं झाली. तक्रार अशी की जुना लांब अभ्यासक्रम तीन वर्षांत कोंबला, विचार करायला वेळ ठेवला नाही आणि विद्यापीठाचा कारखाना केला. तक्रारीत तथ्य होतं. २०२० पर्यंत पदवी घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांनी तरी काही काळ दुसऱ्या देशात शिकलेलं असावं, असं २००९ मध्ये ठरवलं होतं. ते गाठता आलं नाही, जवळपासही नाही. कारण पदवी मानली तरी घरभाडं कोण देणार? गरीब घरची मुलं जागेवरच राहिली. पूर्वेकडच्या देशांतली शिकलेली मुलं पश्चिमेकडे गेली ती परत आली नाहीत, हेही आहेच. आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशिया आणि बेलारूसचे या क्षेत्रातले हक्क स्थगित झाले. कारण समजण्यासारखं आहे. पण सरकारच्या गुन्ह्याची किंमत शेवटी कुठल्यातरी मुलाच्या कागदावर वसूल होते, हे त्यात दिसतंच.

दुसरीकडे लहान शेजारी पुढे गेले. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी २०१५ मध्ये ठरवलं की आपल्यापैकी कुणाची बॅचलर पदवी ही तिघांकडे बॅचलरच, तपासणी नाही, फी नाही, अर्ज नाही. २०१८ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया यांनी आपसांत तेच केलं आणि २०२१ मध्ये हे दोन्ही गट एकमेकांशी जोडले गेले. छोट्या, ओळखीच्या शेजाऱ्यांपासून सुरुवात केली तर जमतं.

मग आपला शेजार?

आपण हा विषय टाळतो, आणि का टाळतो ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्यापैकी कुणी ‘शेजारी देश’ म्हटलं की समोरचा आधी निष्ठेचा दाखला मागतो. म्हणून घाबरून आपण बोलतच नाही. मी बोलणार आहे, कारण हा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे.

दक्षिण आशियाने एक प्रयत्न केला होता आणि तो भारताच्या पुढाकाराने केला होता. २००५ मध्ये ढाक्याच्या सार्क परिषदेत मनमोहन सिंग यांनी सामायिक विद्यापीठाची कल्पना मांडली. २००७ मध्ये दिल्लीत करार झाला. २०१० मध्ये साउथ एशियन युनिव्हर्सिटीचे वर्ग सुरू झाले. आता ते मैदान गढीला स्वतःच्या जागेत आहे. तिची पदवी सार्कचे आठही देश मानतात: अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका. एका वर्गात काबूल, काठमांडू आणि कोलंबो बसलेलं, ही साधी गोष्ट नाही.

पण फरक पाहा. युरोपने नवी इमारत बांधली नाही, होती त्या शेकडो विद्यापीठांचा एकमेकांवर विश्वास बसवला. आपण एक इमारत बांधली आणि विश्वास तिच्या कुंपणात ठेवला. कुंपणाबाहेर काहीच बदललं नाही. ढाक्याची पदवी पुण्यात चालते का, काठमांडूची हैदराबादेत, हे प्रश्न होते तसेच राहिले. आणि एक संस्था असली की तिचं नशीब राजकारणाला बांधलं जातं. सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली, २०१४ मध्ये. त्यानंतर नाही. कुठल्याही सरकारला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या की ज्या संघटनेचे प्रमुख दहा वर्षांत एकत्र बसले नाहीत, तिच्या विद्यापीठाला आधार कसला राहणार? विद्यार्थ्यांसाठी व्हिसा हीच पहिली प्रवेशपरीक्षा झाली.

एप्रिल २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने मिळून सूचना काढली: भारतीय विद्यार्थ्यांनी पाकिस्तानात शिकायला जाऊ नये, तिथली पदवी घेतली तर इथे नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळणार नाही. सुरक्षेची काळजी सरकारला असते, असलीच पाहिजे. पण सुरक्षेसाठी माणसाची चौकशी करता येते. इथे शरीरशास्त्राच्या पेपरला मिळालेले गुण बाद झाले. लिस्बनचं माप लावलं तर विचारावं लागेल की या पदवीत ठळक फरक कोणता? अभ्यासाचा की सीमेचा?

बांगलादेशच्या मेडिकल कॉलेजांत आपली बरीच मुलं शिकतात, काश्मीरची विशेष. २०२४ च्या जुलैमध्ये तिथे गोळीबार सुरू झाल्यावर हजारो भारतीय विद्यार्थी परतले. तेव्हा आईबापांचा पहिला प्रश्न ‘मूल सुखरूप आहे ना’ हा होता आणि दुसरा ‘राहिलेलं वर्ष कुठे मोजलं जाईल’ हा. आणि डिसेंबर २०२२ पासून अफगाणिस्तानात मुलींना विद्यापीठच बंद आहे. इस्लामच्या नावाने बंद केलं आहे, हे आपण स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं आणि त्याचा निषेधही आपणच करायला हवा. त्या मुलींना दार उघडणार ते शेजारीच. चितगावला २००८ पासून आशियाई स्त्रियांसाठी एक विद्यापीठ चालू आहे. २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा त्याच्या अफगाण विद्यार्थिनींना बाहेर काढण्यासाठी त्या विद्यापीठाने जिवाचं रान केलं. दिल्ली किंवा पुण्यातही अशा जागा असू शकतात. अर्धवट राहिलेल्या तिच्या तीन सत्रांचं काय करायचं याचं उत्तर नसेल, तर जागा असून उपयोग नाही.

जाता जाता घरातली गोष्ट. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण त्यातल्या कामिल आणि फाजिल या पदव्या बाद केल्या, कारण उच्च शिक्षणाची पदवी यूजीसीच्या कायद्याबाहेर देता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ आहे. पण हजारो मुलं मधल्या मध्ये अडकली. यात न्यायालयापेक्षा आपल्याच मंडळींना प्रश्न विचारावासा वाटतो. इतकी वर्षं त्या अभ्यासक्रमाची पातळी, तास, विषय बाहेरच्याला समजतील असे मांडून ठेवायला कुणी अडवलं होतं? डिप्लोमा सप्लिमेंट म्हणजे तेवढंच तर आहे. समोरच्याने विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आपली वही त्याला उघडून दाखवावी लागते.

शेवटी कामाचं बोलतो. युरोपची इरॅस्मस मुंडस नावाची मास्टर्सची शिष्यवृत्ती आपल्यालाही खुली आहे. किमान दोन देशांत शिकायचं, फी माफ, दरमहा १,४०० युरो खर्चाला. भारतीय विद्यार्थ्यांना ती दरवर्षी मोठ्या संख्येने मिळते. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरतात. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट आताच काढून ठेवा, आणि ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची प्रत कॉलेज सोडण्याआधी शिक्का मारून घ्या. पाच वर्षांनी ती मिळत नाही. आमच्या त्या मुलीचे अब्बा तीनदा बसने गेले ते याच कागदासाठी.

जेवायला अजून अर्धा तास आहे. ज्यांच्या फोनमध्ये मार्कशीट आहे त्यांनी इकडे पुढे येऊन बसा, एकेक पाहू.